एकोणीस तोंडं, सतरा घरं

बाई, तुमच्या पोरांनी बुजवलेलं बीळ काल सकाळी पुन्हा फुटलं. खालच्या खाचराच्या बांधावरचं, उंबराकडून तिसरं. मी चहा ठेवला आणि सवयीनं दारातून भाताकडं बघितलं, तर बांधाच्या खालच्या अंगानं पाणी झुळूझुळू चाललेलं. पहिलं मनात काय आलं सांगू? बाईंना सांगायला पाहिजे. शनिवारी येतील पोरांना घेऊन आणि हसत म्हणतील, "बघा आत्या, तुमच्या खेकड्यानं आमचा पेपर तपासला आणि नापास केलं." मग आठवलं. तुम्ही गेलात त्याला काल बारा दिवस झाले. तेवढ्यात चहा उतू गेला.

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. लिहायचं कशाला? शाळेला जाताना तुमची वाट माझ्याच दारावरून. माझं अक्षर तर तुम्हाला ठाऊकच आहे. किराण्याच्या पुडीचे कागद वाचून वाचून शिकलेली मी, मला कोण वळण लावणार? तुम्ही म्हणाला होतात, "आत्या, तुमच्या ओळी भातलावणीसारख्या आहेत. एकही सरळ नाही, पण पीक येतं." तेव्हापासून मी बिनधास्त लिहायला लागले. 

उद्या शनिवार. उद्या शाळेत तुमची शोकसभा आहे आणि ते साहेब येणार आहेत. तेच, चौकशीला आलेले, दोन बोटांत पेन नाचवणारे. त्यांच्यासमोर मला काहीतरी बोलायचंय, आणि ते आधी तुम्हाला सांगायला पाहिजे. खरं तर तुम्ही असतानाच सांगायला पाहिजे होतं. पण गुडघ्याचं निमित्त करून मी घरात बसून राहिले. गुडघा काही दुखत नव्हता, बाई. हेही आजच सांगते.

तुम्ही आमच्या शाळेत आलात त्या पहिल्या वर्षी वाटलं होतं, ही हायवेकडची बाई, किकवीची, हिला आमच्या पासलीकडच्या डोंगरातली वाडी काय मानवणार? आठवडाभर वेल्ह्यात खोली घेऊन राहायचं, शनिवारी दोन एसट्या बदलून घरी जायचं. वर्षात बदली मागून घेतील, असं सगळे म्हणायचे. आणि तुम्ही काय केलंत, तर पहिल्याच महिन्यात माझ्या ओट्यावर येऊन बसलात. "सगळे तुम्हाला आत्या का म्हणतात?" म्हणून विचारलंत. मी म्हणाले, नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली बाई सगळ्या वाडीची आत्याच असती. तुम्ही हसलात, आणि लगेच दुसरा प्रश्न, "मग आत्या, माझ्या पोरांना तुम्ही काय शिकवाल?"

"मला काय येतंय?"

"येतं ते."

भातासारखंच दिसणारं गवत कसं ओळखायचं, हे मी पोरांना शिकवलं. पोरांच्या आधी तुम्हीच चूक केलीत. मूठभर चांगलं भात उपटून वर धरलंत आणि म्हणालात, "हे गवत." पोरं अशी हसली की चिखलात बसली. दुसरी कुणी असती तर रागावली असती. तुम्ही म्हणालात, "आज बाई नापास. आत्या, पुन्हा दाखवा." त्या दिवशी मला कळलं, ही बाई राहणार.

आपलं भांडण मात्र त्या कागदावरून सुरू झालं. तुमच्याकडं दप्तर न आणायच्या शनिवारचा एक छापील कागद होता. त्यावर काय लिहिलंय म्हणून मी वाचायला घेतला, तर वर मोठ्या अक्षरात 'मुलांनी गावासाठी केलेली सेवा'.

"सेवा?" मी म्हणाले. "सेवा देवाची करत्यात, न्हाईतर अंथरुणाला खिळलेल्या माणसाची. म्या कुठं खिळलीय?"

"मग काय लिहू?"

"इर्जिक लिवा."

तुम्ही तो शब्द ऐकला होता, पण इर्जिक कधी बघितली नव्हतीत. मी सांगितलं, ज्याचं काम अडलंय त्याच्या रानात सगळ्यांनी जायचं. त्यानं पोटभर जेवू घालायचं. मग दुसऱ्याचं काम निघालं की त्यानं न बोलावता हजर व्हायचं. मजुरी नाही आणि उपकारही नाही. आज माझ्या बांधावर, उद्या तुझ्या.

"म्हणजे मुलांनी तुमच्याकडं काम केलं, तर तुम्ही शाळेत येऊन त्यांना शिकवायचं?"

"यायलाच लागंल न्हवं! इर्जिकीची पाळी बुडवली तर तोंड कुठं दावायचं?"

हे मीच म्हणाले होते, बाई. याच तोंडानं.

पुढं पाच वर्षं तुम्ही वरच्या कागदावर 'सेवा' लिहीत राहिलात आणि पोरांच्या वहीत 'इर्जिक'. मी म्हणायची, "तुमी दोन तोंडाच्या." तुम्ही म्हणायचात, "वर पाठवायचं ते वरच्यांच्या भाषेत लिहावं लागतं, आत्या." यावर मी कधी गप्प बसले नाही आणि तुम्ही कधी बदललं नाही. खरं सांगते, ते भांडण मला आवडायचं. शुक्रवार आला की उद्या काय बोलायचं ते मी मनात जुळवून ठेवायची.

पण काय काय झालं हो त्या शनिवारांत! पोरांनी झऱ्याचा गाळ काढला आणि हंडा किती वेळात भरतो ते दर महिन्याला वहीत लिहिलं. घरोघर जाऊन म्हाताऱ्यांच्या औषधाच्या पाकिटांवरचं वाचलं, तेव्हा कळलं की माझी भावजय हौसा जेवणाआधीची गोळी जेवणानंतर आणि नंतरची आधी घेत होती. हौसा म्हणाली, "मग इतकं दिस म्या जिवंत कशी?" पोरांनी तेही वहीत लिहिलं. आणि त्या बदल्यात आम्ही शाळेत जायचो. कुणी पेंढ्याची दोरी वळायला शिकवली, कुणी ढगावरून वेळ सांगायला. खुर्चीवर बसा म्हणालात की माणसं खुर्चीच्या कडेला टेकायची, जशी काय ती मोडणारच आहे.

आता त्या श्रावणातल्या शनिवारकडं येते. फार लांबवलं. भीती वाटली की माणूस आडवळणानं जातो.

माझ्या खालच्या बांधाला खेकड्यांनी पोखरलं होतं. एकटीच्यानं होईना. तुम्ही अकरा पोरं घेऊन आलात. तुमची सलवार गुडघ्यापर्यंत वर खोचलेली. पोरांनी आधी प्रत्येक बिळाशी काडी रोवली, दोरीनं अंतरं मोजली, मग दगड, माती, गवत घालून एकेक बीळ ठोकून बुजवलं. तिसरीतली श्रावणी, तिला धीर कुठला? तिनं काडीऐवजी बोटच घातलं आत. खेकड्यानं धरलं. पोरगी रडली नाही, खेकड्यालाच ओरडली, "सोड की रं! आमी पाहुणं हाय!" मी हळद लावून माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी तिच्या बोटाला बांधली. मग सगळ्यांना तांदळाची भाकरी आणि खेकड्याचं कालवण वाढलं. तुम्ही कालवणाकडं बघून नाक मुरडलंत आणि गूळ मागितलात. "तुमच्या हायवेवर खेकडं फकस्त ढाब्यावर बघायला मिळत्यात," मी म्हणाले. "तिथंही मी बघत नाही," तुम्ही म्हणालात.

आणि मग हिशेब. पोरं ओरडली, "एकोणीस!"

"सतरा," मी म्हणाले.

"आत्या, मुलांनी दोनदा मोजलंय."

"शंभरदा मोजू द्या. पोरांनी तोंडं मोजली. घरं सतराच हायेत. उंबराजवळच्या दोन घरांना दोन दोन दारं हायती. खेकड्याला बी मागचं दार लागतं, बाई. पुढून मुंगूस आलं तर तो जाणार कुठनं?"

तुमचे डोळे असे चमकले! "बीळ म्हणजे घर की तोंड?" तुम्ही पोरांना विचारलंत. अर्धी पोरं घर म्हणाली, अर्धी तोंड. श्रावणी म्हणाली, "एकोणीसच. म्या बोट घातलंय." तुम्ही वहीत एकोणीस लिहिलंत आणि माझ्याकडं वळून म्हणालात, "पुढच्या शनिवारी शाळेत यायचं आणि फळ्यावर काढून दाखवायचं, सतरा कसे ते. ही तुमची पाळी."

"आले," मी म्हणाले.

आले नाही.

मधल्या दिवसांत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, तरी मला लिहू द्या. कुणाकडं तरी आलेल्या पाहुण्यानं रस्त्यावरून मोबाईलमध्ये पोरांचं चित्र घेतलं होतं. 'शाळेच्या वेळात लेकरं चिखलात राबतायत' असं काहीतरी लिहून त्यानं ते पुढं धाडलं. ते फिरत फिरत कुठं पोचलं देव जाणे. गुरुवारी साहेब चौकशीला येणार असा निरोप आला. तुम्ही निवांत होतात. "येऊ देत, काय ते विचारतील, आपण सांगू," म्हणालात. पण बुधवारी संध्याकाळी सगळी वाडी देवळापाशी जमली. तुम्ही तेव्हा वेल्ह्याला गेला होतात. आम्हाला काय वाटलं? सरकारी माणूस विचारायला येतोय, म्हणजे आपल्या बाईंवर संकट. आमची जुनी खोड आहे, बाई. साहेब काहीही विचारू दे, झाड कुणी तोडलं, वणवा कुणी लावला, आमचं उत्तर ठरलेलं. न्हाई. आमी न्हाई, आमाला म्हाईत न्हाई. त्या 'न्हाई'त आम्ही पिढ्यान्‌पिढ्या माणसं लपवली. त्या दिवशी तुम्हाला लपवायला निघालो.

शाळेच्या व्हरांड्यात साहेब बसले. सगळ्यात वयानं मोठी म्हणून मला पुढं केलं.

"आजी, बाईंनी तुमच्या शेतात मुलांकडून काम करून घेतलं का?"

काम. तो एक शब्द त्यांनी उच्चारला आणि मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही भिंतीशी उभ्या होतात. माझ्याकडं बघून तुम्ही मान हलवलीत, सांगा म्हणून. मला वाटलं, तुम्ही घाबरलात.

"न्हाई सायब. पोरं माझ्या खाचरात आलीच न्हाईत."

तुम्ही पुढं झालात. "साहेब, मुलं गेली होती. मी नेलं होतं. वहीत सगळं आहे. मोजमाप आहे, खेकड्याचं चित्र आहे." साहेबांनी वही चाळली. मग माझ्यामागं उभ्या होत्या त्या आयाबाया, बाप्ये, एकेकाला विचारलं. न्हाई, न्हाई, न्हाई. साहेबांनी पेन नाचवलं. "बाई, तुम्ही म्हणता गेली, गाव म्हणतं नाही. मी लिहू काय?"

तेवढ्यात त्यांना श्रावणीच्या बोटाची चिंधी दिसली. "हे काय झालं गं?"

"खेकडा चावला. आज्जीच्या बांधावर," ती म्हणाली. अगदी खणखणीत.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. आणि बाई, मी म्हणाले, "पोरगी खोटं बोलती सायब. वढ्यात गेली आसंल."

त्या चिंधीवर माझ्याच लुगड्याचा काठ होता. तुम्हाला दिसत होता. तिला दिसत होता. तिनं बोटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. घरी नेताना तिच्या आईनं तिच्या पाठीत धपका घातला, मोठ्यांमध्ये कशाला बोलतीस म्हणून. तो आवाज मला ऐकू आला. मी शाळेच्या पायरीवर होते.

साहेबांनी लिहिलं, 'उपक्रम झाल्याचे दिसून आले नाही. विद्यार्थ्यांना उत्तरे पढवलेली असावीत.' शनिवारचं बाहेर जाणं पुढचं कळेपर्यंत बंद.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर तुम्ही आलात. मला वाटलं, आता बोलतील, बोलल्या तर बरं होईल. तुम्ही ओट्यावर बसलात, चहा घेतलात आणि हसायला लागलात. हसता हसता पदरानं पुसावं तसं ओढणीनं डोळे पुसलेत. "आत्या, तुम्ही सगळ्यांनी मिळून मला वाचवलंत हो. इतकं वाचवलंत की पाच वर्षं मी इथं काहीच केलं नाही, असं आता कागदावर आलं." मी मान खाली घातली. तुम्ही माझ्या गुडघ्यावर हात ठेवलात. "अहो, ते ओरडायला आले नव्हते. चौकशी नीट झाली असती तर कदाचित दुसऱ्या शाळांनाही सांगितलं असतं त्यांनी. जाऊ दे. माझं काही नाही. एवढंच वाईट वाटतं, आत्या, की..."

आणि खालून एसटीचा हॉर्न वाजला. शेवटची गाडी. तुम्ही पर्स उचललीत आणि पळालात. वळणावरून ओरडलात, "उद्या शाळेत या! सतराचं दाखवायचंय!"

एवढंच वाईट वाटतं की काय, बाई? तीन आठवडे मी ते वाक्य पुरं करून बघतेय. कधी वाटतं, तुम्ही माझं नाव घेणार होतात. कधी वाटतं, श्रावणीचं. माझं घेतलं असतंत तर मी एवढी घाबरले नसते.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. पोरं खडू घेऊन वाट बघत होती, असं नंतर कळलं. मी कडी लावून आत बसले आणि निरोप पाठवला, गुडघा धरलाय. त्याच दिवशी तुम्हाला ताप होता म्हणतात. तापातच तुम्ही किकवीला गेलात, तिथून पुण्याला दवाखान्यात, आणि पुढच्या शनिवारी वाडीत फोन आला.

तुमच्या दहाव्याला आम्ही टेम्पो करून सारोळ्याला आलो होतो, पुलाखालच्या काठावर. मला धास्ती होती ती कावळ्याची. काही राहिलं असेल माणसाचं तर तो शिवत नाही ना. मी हात जोडून उभी. आता लोक विचारणार, काय राहिलं, कुणाकडून राहिलं. आणि कावळा लगेच आला. ठेवल्या ठेवल्या शिवला. सगळ्यांना बरं वाटलं, मला मात्र नाही. म्हणजे तुमचं काही राहिलं नव्हतं. राहिलंय ते सगळं माझ्याकडंच.

मग माईकवर एकेक जण बोलले. प्रत्येकाच्या तोंडी सेवा, सेवा, सेवा. निष्ठेनं सेवा, निःस्वार्थ सेवा. मला वाटलं, उठावं आणि म्हणावं, अहो, इर्जिक म्हणा, त्या बाईला परतीचं येणं आहे अजून. तेवढ्यात कुणीतरी माईक आमच्याकडं धरला, "वाडीतलं कुणी बोलणार का?" टेम्पोभर माणसं आली होती आम्ही. सगळी वाळूकडं बघत राहिली. मीही. नदीचा आवाज तेवढा माईकमधून ऐकू आला.

तुमच्या जागी तात्पुरते आलेत ते गुरुजी तरुण आहेत, साताऱ्याकडचे. परवा माझ्याकडं आले. पोरांच्या वह्या त्यांनी वाचल्यात. म्हणाले, "आज्जी, हे कुणी पढवून लिहीत नाही. खेकड्याला 'आमी पाहुणं हाय' असं कोण पढवतं? शनिवारी साहेब शोकसभेला येतायत. मी त्यांना विचारणार आहे, शनिवारचं बाहेर जाणं पुन्हा सुरू करू का. पण मी तेव्हा नव्हतो, माझ्या शब्दाला काय किंमत? गावातल्या एकानं तरी सांगितलं पाहिजे की पोरं जात होती."

मी 'बघते' म्हणाले. ते गेले आणि हौसा परसातून आली. सगळं ऐकलं होतं तिनं.

"काय बघतीस?" ती म्हणाली. "तू व्हय म्हणलीस की आमी समदी खोटी पडतो. माझा थोरला बी न्हाई म्हणालाय. गेलेल्या मानसाला आता काय फरक पडतो? अन् सायबांनी म्हणलं, म्हातारे, तवा खोटं का बोललीस, मग?"

बाई, हौसा वाईट नाही, तुम्ही जाणता. मलाही तीच भीती. मी बोलले तर साहेब पुन्हा काय लिहितील? तुम्ही नसताना तुमच्यावर काही येईल का? तुमच्या घरच्यांना त्रास? या नव्या पोराची नोकरी? रात्रंदिवस मी नुसती माझीच उलटतपासणी घेतेय. आणि वाडी? ज्या माणसांनी तुमच्यावरच्या मायेनं 'न्हाई' म्हटलं, त्यांना मी साहेबापुढं उघडं पाडायचं? पण मग त्या पोरीचं काय? तीन आठवडे झाले, ती माझ्या दारावरून जाते आणि हाक मारत नाही. आधी लांबूनच "आज्जी, ये आज्जी" करत यायची. आता दार आलं की पलीकडच्या डोंगराकडं बघत चालते. आठ वर्षांची पोर मान वळवून चालते हो. अख्ख्या वाडीत एक तीच खरं बोलली आणि तीच खोटी ठरली. हे तिला तुमच्या शाळेनं नाही शिकवलं. मी शिकवलं. कदाचित हीच माझी पाळी झाली म्हणायची, शाळेत न जाताच.

आज दुपारी मी ते फुटलेलं बीळ बुजवायला गेले. दगड हातात घेतला, पण वाकवेना. आज गुडघा खरंच दुखत होता. मी बांधावरच बसले. शाळा सुटली होती. वर बघते तर पायवाटेवर श्रावणी उभी. दप्तर पोटाशी धरलेलं.

"ते बीळ कुणी बुजवलं हुतं?" तिनं विचारलं. अगदी साहेबांसारखं.

"तुमी."

"तुमी म्हंजी कुणी?"

"तू. अन् समद्या पोरांनी. बाई हुत्या संगं."

"मोठ्यानं."

पलीकडं हौसा ओट्यावर भांडी घासत होती. एसटीच्या थांब्यावर दोघंतिघं बसलेले. बाई, एवढं साधं वाक्य, पण पाटा उचलावा तसं ते उचलावं लागलं.

"व्हय!" मी ओरडले. "तुमीच बुजवलं! म्या खोटं बोलले! श्रावणी खरं बोलत हुती!"

हौसाचा भांड्यांचा आवाज थांबला. थांब्यावरच्यांनी माना वळवल्या. आभाळ काही कोसळलं नाही.

श्रावणीनं चपला काढल्या, दप्तर उंबराला टांगलं आणि खाली उतरली. माझ्या हातातला दगड घेऊन तिनं बिळात बसवला, वर माती चोपली. जखम भरलीय बोटाची, नख जरा काळं राहिलंय. चोपता चोपता म्हणाली, "किती हुती?"

"सतरा."

तिनं हात काढून घेतला. "बाईंनी वहीत एकोणीस लिवलंय."

"अगं, तोंडं एकोणीस, पण घरं..."

"आज्जी, उद्या सायबांनी इचारलं की एकोणीसच म्हणायचं. तू सतरा म्हणलीस तर सायब परत म्हणत्याल, बघा, वही अन् म्हातारी जुळत न्हाई."

मी तिच्याकडं बघतच राहिले. तिसरीतली पोर! 'वरच्यांच्या भाषेत लिहावं लागतं, आत्या.' तुम्हीच बोलताय असं वाटलं.

"अन् सतराचं कवा सांगू मग?"

"सायब गेल्यावर. फळ्यावर. खडू हाय माझ्याकडं, बाईंनी दिल्याला." तिनं चिखलाचा हात फ्रॉकला पुसला. "आता म्हण."

"काय?"

"किती ते."

"एकोणीस."

"परत."

"एकोणीस."

मग ती चपला हातात घेऊन पळाली. वळणावर थांबली. 'आज्जी' म्हणून हाक नाही मारली. पण वळून बघितलं, मी म्हणतेय का ते.

मी म्हणतेय, बाई. चुलीपाशी बसून मघापासून घोकतेय. हौसा दोनदा दारात येऊन गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, "किती वाजता हाय ती सभा?" आणि उत्तर न ऐकताच गेली. ती येईल की मला अडवायला येईल, काही कळत नाही. माईक पुन्हा समोर आला आणि मी पुन्हा वाळूकडं बघत राहिले तर, याच भीतीनं हे सगळं लिहून काढलं. बोलता आलं नाही तर हा कागद गुरुजींच्या हातात देईन.

नको. कागद नको. कागदाला साहेब पढवलेला म्हणतील.

बांधावर एकोणीस तोंडं होती, बाई. उद्या विसावं उघडायचंय.